चार जणांची फॅन्टसी बेसबॉल लीग: मार्च ते सप्टेंबर नीट कशी चालवायची

फॅन्टसी बेसबॉल म्हणजे खऱ्या बेसबॉल खेळाडूंमधून आपापली कागदी टीम निवडायची आणि त्यांच्या खऱ्या मॅचमधल्या आकड्यांवर गुण मोजायचे. त्याची लीग बारा जणांची धरून बनवलेली असते. आपल्याकडे जळगाव, भुसावळ, धुळे मिळून बेसबॉल मनापासून बघणारे चार जण जमले तरी पुष्कळ झालं. हे चार जण याहू किंवा ईएसपीएनच्या प्लॅटफॉर्मवर (फॅन्टसी लीग चालवणाऱ्या साइटवर) लीग उघडतात, टीमसंख्येच्या जागी ४ टाकतात आणि बाकी सगळ्या सेटिंग जशाच्या तशा ठेवतात. मग चारही टीम ऑल-स्टार होतात, राखीव यादीतही तारे लोळत पडतात आणि मे महिना संपता संपता लाइनअप (खेळवायच्या खेळाडूंची यादी) लावणारा एकच उरतो. अशी लीग कंटाळ्याने बंद पडते, आणि तिची दुरुस्ती मार्चमध्ये, पहिल्या मॅचच्या आधीच करावी लागते.

पुढचे टप्पे आहेत त्याच क्रमाने घ्या. बहुतेक गट प्लॅटफॉर्म आधी उघडतात आणि नियम नंतर ठरवतात. इथे प्लॅटफॉर्म सहाव्या टप्प्यावर येतो.

लेखात सगळीकडे ‘क्लब’ म्हणजे मेजर लीग बेसबॉलमधला खरा संघ आणि ‘टीम’ म्हणजे तुमचा फॅन्टसी संघ.

टप्पा १: माणसं आणि पंच

‘खेळणार का?’ असं विचारलं की सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी विचारा, ‘मार्च अखेरीपासून सप्टेंबर अखेरीपर्यंत दर सोमवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं काढणार का?’ मोसम सहा महिन्यांचा, प्रत्येक क्लबच्या १६२ मॅच. बारा जणांत एक गळाला तर लीग चालते, चारांत एक गळाला की पाव लीग गेली.

ज्याची रेल्वेत पाळीची ड्युटी आहे किंवा ज्याला रात्रीच्या विजेवर केळीला पाणी द्यायला शेतात जावं लागतं, त्याला जोडीदार घ्यायला सांगा. दोघांची मिळून एक टीम. गट वाढवायचा म्हणून अर्ध्या मनाचा पाचवा घेण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

त्यानंतर पंच. चारांत मतदान घ्याल तर दोन विरुद्ध दोन होणारच. म्हणून न खेळणारा एक माणूस आधीच ठरवून ठेवा. त्याला बेसबॉल कळलंच पाहिजे असं नाही. हिशेबाला चोख आणि चौघांनाही चालणारा असला म्हणजे झालं. लिलावाची वही, अदलाबदलीला मंजुरी आणि वादाचा निकाल ही तीन कामं त्याची.

सावध: पैसे लावू नका. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली आहे. लिलावाच्या रात्रीच्या शेवभाजी-भाकरीची वर्गणी सगळ्यांची सारखी काढा आणि विषय तिथेच संपवा.

टप्पा २: खेळाडूंचा साठा कापा

सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यावर होतात. म्हणून इथे आकडेमोड पूर्ण करू.

मेजर लीगमध्ये ३० क्लब आहेत. डेझिग्नेटेड हिटर (फक्त बॅटिंग करणारा) धरून प्रत्येक क्लबचे नेहमीचे ९ बॅटर, म्हणजे एकूण २७०. बारा टीमच्या लीगमध्ये प्रत्येकी १४ बॅटर म्हटलं तर १६८ घेतले जातात, साधारण ६२ टक्के. पिचरचंही (चेंडू टाकणाऱ्यांचंही) तसंच. प्रत्येक क्लबचे ५ स्टार्टर (मॅचची सुरुवात करणारे पिचर) आणि १ क्लोजर (मॅच संपवायला येणारा पिचर) धरले तर १८० होतात, आणि बारा टीमना प्रत्येकी ९ म्हणजे १०८ लागतात. हे ६० टक्के. एवढी टंचाई असते म्हणूनच खेळाला चव येते. चौथ्या-पाचव्या आउटफिल्डरसाठी (लांबच्या क्षेत्ररक्षकासाठी) डोकं खाजवावं लागतं, ते त्यामुळेच.

चार टीमना मिळून ५६ बॅटर लागतात. २७० पैकी ५६ म्हणजे जेमतेम २१ टक्के. इथे कोणाचं चुकूच शकत नाही. आणि ज्याचं चुकू शकत नाही तो जिंकला तरी आपण काय केलं ते त्याला सांगता येत नाही.

उपाय सरळ आहे. बारा टीमच्या लीगमध्ये प्रत्येक टीममागे अडीच क्लब असतात. तुम्हीही तेच प्रमाण ठेवा.

चार टीम असतील तर १० क्लब, म्हणजे दोन डिव्हिजन (पाच-पाच क्लबांचे गट). सहा टीम असतील तर १५ क्लब, म्हणजे मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक: अख्खी अमेरिकन लीग किंवा अख्खी नॅशनल लीग. आठ टीम असतील तर २० क्लब, म्हणजे चार डिव्हिजन. दहा क्लबांतून ९० बॅटर आणि ६० पिचर मिळतात. त्यातले ५६ आणि ३६ उचलले की टक्केवारी परत ६२ आणि ६० वर येते.

पाच टीमचं गणित मध्येच अडकतं. तिथे १५ क्लब घ्या आणि प्रत्येक टीमला १७ बॅटर व ११ पिचर द्या. तिघांना १० क्लब, प्रत्येकी १८ बॅटर आणि १२ पिचर. तिघांची लीग चालते, पण एकाने तोंड फिरवलं की दोघांचा पत्त्यांचा डाव उरतो, चौथा शोधाच.

आता दोन डिव्हिजन कुठल्या? माझं ठाम मत: दोन्ही वेस्ट. अमेरिकन लीग वेस्टमध्ये अ‍ॅस्ट्रोज, रेंजर्स, मरिनर्स, एंजल्स आणि अ‍ॅथलेटिक्स. नॅशनल लीग वेस्टमध्ये डॉजर्स, पाड्रेस, जायंट्स, डायमंडबॅक्स आणि रॉकीज. कारण घड्याळाचं आहे. न्यूयॉर्कला संध्याकाळी ७:०५ ला सुरू होणारी मॅच आपल्याकडे पहाटे ४:३५ ला लागते. लॉस एंजेलिसची ७:१० ची मॅच सकाळी ७:४० ला, चहाच्या वेळेला. आपल्या टीमचा खेळाडू प्रत्यक्ष खेळताना दिसला तर लीगमधला जीव टिकून राहतो, नुसत्या आकड्यांवर सहा महिने निघत नाहीत.

सावध: साठा न कापता रोस्टर (टीममधल्या खेळाडूंची यादी) वाढवून टंचाई आणायची युक्ती चार टीमला पुरत नाही. तेवढ्यासाठी प्रत्येकाला ४० च्या वर बॅटर घ्यावे लागतील, आणि दर सोमवारी एवढी यादी कोणी बघणार नाही.

टप्पा ३: रोस्टर ठरवा

साठा नीट कापला असेल तर नेहमीचा २३ चा साचा तसाच चालतो: २ कॅचर, पहिला, दुसरा आणि तिसरा बेस, शॉर्टस्टॉप, एक कॉर्नर (पहिला किंवा तिसरा बेस), एक मिडल (दुसरा बेस किंवा शॉर्टस्टॉप), ५ आउटफिल्डर, १ युटिलिटी (कोणताही बॅटर) आणि ९ पिचर. बेंच (राखीव) तिघांचं, आयएलच्या (जखमी खेळाडूंच्या यादीच्या) जागा तीन.

दोन कॅचर बघून बरेच जण एकावर यायला बघतात. येऊ नका. दहा क्लबांचे दहा मुख्य कॅचर, त्यातले आठ लागणार. म्हणूनच २०२५ मध्ये ६० होम रन मारणाऱ्या मरिनर्सच्या कॅल रॅलीसारख्या कॅचरसाठी लिलावात खरी झुंज होते. एकच कॅचर ठेवला तर तो नुसता एक चांगला बॅटर होऊन बसतो.

बेंच मोठं ठेवलं तर उरलेला साठा चौघांच्या बेंचवर जाऊन बसतो आणि मोसमात बोली लावायला काही शिल्लक राहत नाही. तीनच्या वर जाऊ नका.

९ पिचरपैकी किमान ५ स्टार्टर आणि किमान २ रिलीव्हर (स्टार्टरनंतर येणारे पिचर) अशी अट घाला. दहा क्लबांत क्लोजर दहाच. एकाने पाच पकडले की सेव्हचा (शेवटी येऊन आघाडी राखल्याचा) रकाना एप्रिलमध्येच निकालात निघतो. त्यावर आणखी एक इलाज म्हणजे सेव्ह आणि होल्ड (क्लोजरच्या आधी येऊन आघाडी राखणं) मिळून एकच रकाना. चार टीमला मला तो पटतो, कारण त्याने आठव्या इनिंगच्या पिचरलाही किंमत येते.

तपासा: ओटानीचं काय? शोहेई ओटानी बॅटिंगही करतो आणि पिचिंगही, आणि तुमच्या साठ्यात डॉजर्स आहेत. काही प्लॅटफॉर्म त्याला दोन वेगळे खेळाडू धरतात, काही एकच. कुठला नियम लागणार ते लिलावाआधी लिहून ठेवा. एकच धरला तर त्याच्या किमतीला तोड राहत नाही. चार टीमच्या लीगमध्ये दोन वेगळे धरलेले बरे.

टप्पा ४: गुण कसे मोजायचे

रकाने नेहमीचे दहा. बॅटिंगचे रन, होम रन, आरबीआय (आपल्या बॅटिंगवर आलेले रन), स्टील (चोरलेले बेस), सरासरी. पिचिंगचे विन, सेव्ह-होल्ड, स्ट्राइकआउट, ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावरचे रन), व्हिप (इनिंगमागे दिलेले हिट आणि वॉक).

अडचण येते ती बेरजेत. पूर्ण मोसमाची एकच रोटो (प्रत्येक रकान्यातल्या क्रमांकावरून गुण देणारी) बेरीज ठेवली तर जूनपर्यंत क्रम गोठतो. दर आठवड्याला एकास एक सामना ठेवला तर तेच तीन प्रतिस्पर्धी फिरून फिरून येतात, शिवाय एखाद्या आठवड्यात दुसरा आलेलासुद्धा हरतो, कारण नेमका पहिल्याशीच भिडलेला असतो.

चार टीमसाठी आठवड्याचा रोटो ठेवा. दर आठवड्याला प्रत्येक रकान्यात पहिल्याला ४, मग ३, २, १. बरोबरी झाली तर गुण वाटून. दोघं मिळून पहिले आले तर प्रत्येकी साडेतीन. म्हणजे आठवड्याला एका टीमला जास्तीत जास्त ४० आणि कमीत कमी १०, आणि चौघांची बेरीज नेहमी १००.

हा १०० चा आकडा लक्षात ठेवा, हिशेबाची चूक पकडायला तोच उपयोगी पडतो. बेरीज ९९.५ आली तर कुठेतरी बरोबरी चुकीची वाटली आहे.

प्लॅटफॉर्मवर ही पद्धत तयार मिळाली नाही तर तिथे रकान्यांचा एकास एक सामना लावा, त्याचा हार-जीत तक्ता सोडून द्या आणि दोन्ही सामन्यांतले आकडे उचलून गूगल शीटमध्ये टाका. बरोबरीसकट क्रमांक काढायला ‘रँक डॉट एव्हीजी’ हे फंक्शन आहे. पाचातून तो क्रमांक वजा केला की गुण मिळतात. ईआरए आणि व्हिप कमी तितके चांगले, म्हणून त्या दोन रकान्यांत क्रम उलटा लावायचा. हे विसरणारे फार. पहिल्या आठवड्याचे गुण हाताने काढून शीटशी ताडून बघा.

सावध: आठवड्याला किमान ३० इनिंगची अट घाला. नाहीतर कोणीतरी दोनच रिलीव्हर खेळवून ईआरए आणि व्हिप दोन्ही खिशात घालतो. अट मोडली तर त्या आठवड्यात दोन्ही रकान्यांत शेवटचा नंबर.

मोसमाचे दोन भाग करा. पहिला भाग ऑल-स्टार गेमच्या (निवडक ताऱ्यांच्या मॅचच्या) आधीच्या रविवारी संपतो, म्हणजे जुलैच्या मध्याला. त्यानंतर सगळ्यांचे गुण शून्य, खेळाडू तेच. दुसरा भाग सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी संपवा. दोन्ही भागांच्या विजेत्यांची पुढचे दोन आठवडे अंतिम लढत; दोन्ही भाग एकानेच जिंकले तर तोच विजेता. अंतिम लढत मोसमाच्या शेवटच्या आठवड्यात कधीही ठेवू नका. तेव्हा प्लेऑफ (मोसमानंतरची बाद फेरी) पक्के झालेले क्लब आपल्या मोठ्या खेळाडूंना बाहेर बसवतात.

टप्पा ५: घड्याळ

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे होतात आणि नोव्हेंबरमध्ये मागे येतात. म्हणजे आपल्या लीगच्या पूर्ण काळात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आणि लॉस एंजेलिस साडेबारा तास मागे. मध्ये काही बदलत नाही, एकदाच पाठ करा.

रोजचं लाइनअप इथून झेपत नाही. पहाटे साडेचारला पिचर बदलायला कोण उठणार? आठवड्याचं लाइनअप ठेवा.

अमेरिकेतली रविवारची शेवटची मॅच आपल्याकडे सोमवारी सकाळी संपते, साधारण साडेसात-आठपर्यंत. सोमवारची पहिली मॅच फार लवकर असली तरी आपल्याकडे रात्र झालेली असते. सगळ्यात लवकरची म्हणजे एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी बोस्टनमध्ये सकाळी ११ च्या सुमाराला होणारी पेट्रियट्स डेची मॅच; ती इथे साडेआठच्या सुमाराला लागते. म्हणून सोमवार सकाळी ८ ते रात्री ८ ही बारा तासांची मोकळी जागा आपली. बोली, अदलाबदल, लाइनअप, सगळं त्यात बसवा. रात्री ८ नंतर काही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मी ते इसरीच गऊ भो’ असा मेसेज ८:०५ ला आला तरी नाही.

सोमवारला आपले सणही आडवे येतात, ते आधीच कॅलेंडरवर मांडून ठेवा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) निम्मी घरं पाहुण्यांनी भरलेली असतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते आणि सोमवारी विसर्जन. त्या दिवशी खान्देशातल्या माणसाला मोबाइल हातात घ्यायची सवड नसते. अशा आठवड्यांसाठी प्रत्येकाने एक उपमालक नेमून ठेवायचा, भाऊ, पुतण्या, कोणीही. त्यानेही लाइनअप लावलं नाही तर मागच्या आठवड्याचं कायम.

तपासा: मोसमाच्या आधी परदेशात मॅच आहेत का? २०२४ मध्ये डॉजर्स आणि पाड्रेस २० व २१ मार्चला सोलमध्ये खेळले, २०२५ मध्ये डॉजर्स आणि कब्ज १८ व १९ मार्चला टोकियोत. बाकीच्या क्लबांचा मोसम नंतर सुरू झाला. असं असेल तर त्या मॅच मोजायच्या की नाही ते आधी ठरवा. पहिला आठवडा अर्धवट असेल तर तो पुढच्या पूर्ण आठवड्याला जोडा. ऑल-स्टारच्या सुट्टीचा आठवडाही तसाच.

टप्पा ६: नियमांचा एक कागद, मग प्लॅटफॉर्म

कागद एकच, दोन्ही बाजूंनी. त्यावर खाली चौघांच्या सह्या आणि पंचाची सही. वरचं सगळं त्यात येईलच, पण चार टीमच्या लीगमध्ये भांडणं होतात ती पुढच्या तीन गोष्टींवरून.

अदलाबदल. मोठ्या लीगमध्ये इतर दहा जण अदलाबदल रोखू शकतात. इथे दोघांनी अदलाबदल केली की उरतात दोघंच, आणि त्या दोघांचं नुकसान होणारच असतं; ते प्रत्येक वेळी नाही म्हणतील. म्हणून मतदान नको, निर्णय पंचाचा. पंचाने एकच प्रश्न विचारायचा: दोघांनाही यातून आपापला काही फायदा दिसतो का? दिसत असेल तर मंजूर, मग सौदा कितीही एकतर्फी वाटो. ‘आता हा घे, पुढच्या वर्षी तो दे’ असले उधारीचे सौदे बंद. शेवटची तारीख ऑगस्टचा पहिला सोमवार.

साठ्याबाहेर गेलेला खेळाडू. खऱ्या क्लबांची अदलाबदल जुलै अखेरीच्या सुमाराला बंद होते, आणि त्या आठवड्यात तुमच्या दहा क्लबांतले काही जण यँकीज-मेट्सकडे जाणारच. नियम असा ठेवा: बाहेर गेला तरी त्या मोसमापुरता तो तुमचाच, त्याचे आकडे धरायचे, पण त्याची अदलाबदल करता येणार नाही आणि एकदा सोडला की परत नाही. बाहेरून आत आलेला खेळाडू मात्र पुढच्या सोमवारच्या बोलीला. पैसे त्या आठवड्यासाठी राखून ठेवणाऱ्याला याचं बक्षीस मिळतं, आणि ते मिळायलाच हवं.

मोसमातली बोली. प्रत्येकाला पूर्ण मोसमासाठी १०० कागदी डॉलर. बोली गुप्त, आठवड्याला जास्तीत जास्त दोन खेळाडू. ही मर्यादा नसेल तर एक जण दर आठवड्याला पाच नवे स्टार्टर फिरवून स्ट्राइकआउटचा रकाना नुसत्या संख्येवर जिंकतो. बरोबरीच्या बोलीत खेळाडू गुणतक्त्यात खाली असलेल्याला.

कागदावर सह्या झाल्या की मगच प्लॅटफॉर्म उघडा. खासगी लीग, चार टीम, आठवड्याचं लाइनअप. प्लॅटफॉर्मवर अमेरिकन किंवा नॅशनल एवढीच निवड मिळते. डिव्हिजनने कापायची सोय सहसा नसते. म्हणून साठा ‘सर्व मेजर लीग’ ठेवा आणि दहा क्लबांची मर्यादा हाताने पाळा. बाहेर गेलेल्या खेळाडूंचा नियमही याच रचनेत चालतो.

तपासा: बोलीचा निकाल लागायची वेळ प्लॅटफॉर्मवर अमेरिकन घड्याळाने दाखवली जाते. ती आपल्या सोमवारी दुपारच्या आत पडते का, हे एक खोटी बोली लावून बघा.

टप्पा ७: याद्या स्वतः बनवा

प्लॅटफॉर्मवरची क्रमवारी आणि अंदाजी किमती ३० क्लब आणि बारा टीम धरून काढलेल्या असतात. तुमच्या साठ्यात त्यांचा उपयोग नाही. त्यांच्या यादीत दोनशेव्या नंबरवरचा दुसरा बेसमन तुमच्याकडे खरी गरज होऊ शकतो.

दहा क्लब चौघांत वाटून घ्या. प्रत्येकाने आपल्या क्लबांचे ९ बॅटर, ५ स्टार्टर, क्लोजर आणि आठव्या इनिंगचा पिचर एवढं शीटमध्ये भरायचं. फॅनग्राफ्सच्या साइटवर प्रत्येक क्लबचा डेप्थ चार्ट (कुठल्या जागेवर कोण खेळतो त्याचा तक्ता) मिळतो. ही यादी सामाईक. किमती मात्र प्रत्येकाने आपापल्या वहीत काढायच्या.

किमती काढताना एक गोष्ट विसरू नका. रॉकीज डेन्व्हरला खेळतात, समुद्रसपाटीपासून जवळजवळ मैलभर उंचीवर. विरळ हवेत चेंडू लांब जातो, म्हणून त्यांच्या बॅटरची किंमत थोडी वर आणि पिचरची बरीच खाली. शेवटच्या फेऱ्यांत ‘स्टार्टर आहे ना, घ्या एका डॉलरला’ म्हणून रॉकीजचा पिचर उचलला जातो. त्याची घरची मॅच असलेल्या आठवड्यात तुमचे ईआरए आणि व्हिप दोन्ही बुडू शकतात.

टप्पा ८: लिलाव

ड्राफ्टपेक्षा (पाळीपाळीने खेळाडू निवडण्यापेक्षा) लिलाव करा. चौघांच्या ड्राफ्टमध्ये प्रत्येक चौथा खेळाडू आपोआप तुमचा असतो. लिलावात हवा तो खेळाडू मिळवायला पैसे मोजावे लागतात. प्रत्येकी २६० डॉलर, २३ खेळाडू. एकूण १,०४० डॉलर आणि ९२ खेळाडू, म्हणजे सरासरी अकरा-साडेअकरा. बेंचचे तिघं लिलावानंतर साध्या फेरीने घ्या. एका खेळाडूला दीड मिनिट धरलं तरी जेवण धरून तीन-साडेतीन तास लागतात. शनिवारी संध्याकाळी ऊन उतरल्यावर गच्चीवर बसा. एकत्र बसणं जमवाच. व्हिडिओ कॉलवर आवाज मागे-पुढे होतो आणि शेवटची बोली कोणाची यावरून वाद होतो.

वही पंचाच्या हातात. एक उघडं पान, चार रकाने, पेन्सिल. प्रत्येक ओळीत खेळाडू, जागा, किंमत, आणि त्याच्यापुढे तीन आकडे: उरलेले पैसे, उरलेल्या जागा, सर्वांत मोठी शक्य बोली. हा तिसरा आकडा लिहिला जात नाही आणि लिलाव तिथेच बिघडतो. तो काढायचा असा: उरलेल्या पैशांतून, उरलेल्या जागांहून एक कमी एवढे डॉलर वजा करा, कारण बाकी प्रत्येक जागेला निदान एक डॉलर लागतो. १०० डॉलर आणि १५ जागा उरल्या असतील तर बोली ८६ च्या वर जाऊ शकत नाही. पंचाने प्रत्येक खरेदीनंतर हा आकडा मोठ्याने वाचावा.

बोली पुकारताना पंच ‘एक वार, दोन वार, तीन वार’ म्हणेल आणि तीनवर हात टेकवेल. हात टेकला की संपलं.

चौघांच्या लिलावात दोन गोष्टी हमखास घडतात. सुरुवातीला सगळे हात आखडून बसतात, पहिले आठ-दहा मोठे खेळाडू स्वस्तात जातात आणि मग मधल्या खेळाडूंवर पैसा उधळला जातो. तुम्ही उलट करा: पहिल्या तासात निम्म्याहून जास्त पैसे खर्च करा. दुसरं, शेवटी दोघांकडे एकेक डॉलरचीच बोली उरते आणि ज्याच्याकडे तीन-चार डॉलरची ताकद आहे तो उरलेला साठा आपल्या मनाने उचलतो. शेवटच्या सहा जागांसाठी दहा-बारा डॉलर मागे ठेवलेत तर तो माणूस तुम्ही असाल.

तपासा: घरी जायच्या आधी वहीवरून चौघांनी आपापली यादी वाचून दाखवावी, पानाचा फोटो ग्रुपवर टाकावा आणि तिथेच बसून खेळाडू प्लॅटफॉर्मवर भरावेत. ‘उद्या भरतो’ म्हटलं की नावं गाळली जातात.

टप्पा ९: दर सोमवारचा क्रम

सकाळी आठनंतर पंच मागच्या आठवड्याचे आकडे शीटमध्ये टाकतो, १०० ची बेरीज बघतो आणि तक्ता ग्रुपवर पाठवतो. दुपारपर्यंत बोलीचा निकाल. संध्याकाळी लाइनअप.

लाइनअप लावताना आधी आयएल बघा. बॅटरला किमान १० दिवस आणि पिचरला किमान १५ दिवस बाहेर राहावं लागतं, तेव्हा पिचर आयएलवर गेला की पुढचे दोन सोमवार त्याच्याविना धरा. मग आठवड्यातल्या मॅच मोजा. काही क्लबांना सात असतात, काहींना पाच. त्यानंतर दोनदा सुरुवात करणारे स्टार्टर. सगळ्यात शेवटी आवडीनिवडी.

सावध: मागे पडलेला माणूस पहिल्यांदा बोली लावायचं थांबवतो, मग लाइनअप. दोन सोमवार लागोपाठ लाइनअप बदललं नाही तर पंचाने फोन करावा, मेसेज नव्हे. तिसऱ्या सोमवारी टीम उपमालकाकडे. हाही नियम कागदावर हवा, म्हणजे ऐनवेळी कोणाला वाईट वाटत नाही.

टप्पा १०: मोसम संपल्यावर

पुढच्या वर्षासाठी खेळाडू राखायचे असतील तर प्रत्येकी दोनच, आणि लिलावातल्या किमतीपेक्षा ५ डॉलर जास्त मोजून. चारांत दोनाच्या वर राखले तर पुढचा लिलाव सुरू व्हायच्या आधीच संपलेला असतो. नियम बदलायचे असतील तर ते दिवाळीत, सगळे घरी आलेले असताना, समोरासमोर बसून ठरवा आणि जुन्या कागदावर खाडाखोड न करता नवा कागद लिहा. मार्चमध्ये नियमाला हात लावू नका. तोवर प्रत्येकाला आपल्या टीमचा फायदा-तोटा दिसायला लागलेला असतो.